मधल्या बाकावरची भीती: पुण्यातील एका मंडळीतील प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खडकी परिसरातील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे आहे. संबंधित व्यक्तीच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या पुण्याच्या पेठेतील एका मराठी शाळेत शिकवतात आणि घरीदारी सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. या लेखातही तेच संबोधन ठेवले आहे. मी त्यांच्याच मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, आजारी आणि शोकग्रस्त कुटुंबांच्या भेटींचे काम पाहतो, त्यामुळे यातील काही प्रसंग समोर घडलेले आहेत आणि काही बाईंनी, त्यांच्या मुलाने व पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) सांगितलेले आहेत.

पार्श्वभूमी

बाईंचे माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यातले. पती खडकीच्या कारखान्यात नोकरीला लागले आणि कुटुंब इथेच स्थिरावले. 2023 च्या पावसाळ्यात एका रात्री पतींच्या छातीत दुखू लागले. पित्त असेल म्हणून त्यांनी थंड दूध घेतले, थोडा वेळ पडून पाहिले आणि अखेर रिक्षा बोलावली. रुग्णालयात पोचण्यापूर्वीच रिक्षात त्यांचा प्राण गेला. त्या वेळी बाईंचे वय पन्नाशीच्या आत होते, आणि एकुलता मुलगा हिंजवडीत एका संगणक कंपनीत नुकताच रुजू झाला होता.

मंडळीने या कुटुंबाला वाऱ्यावर सोडले नाही. अंत्यविधीपासून वर्षाच्या स्मरणसभेपर्यंत महिला मंडळाच्या बायका पाळीपाळीने येत राहिल्या, डबे आले, घरी प्रार्थनासभा झाल्या. बाई पंधरा दिवसांत शाळेत हजर झाल्या आणि चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या रविवारच्या शाळेतला आपला वर्गही त्यांनी सोडला नाही. ‘बाईंचा विश्वास भक्कम आहे’ असे सगळेच म्हणत, आणि बाईंनाही ते ऐकायला बरे वाटे. स्मरणसभा झाली आणि भेटी थांबल्या. मुद्दाम कोणी थांबवल्या नाहीत. वर्ष झाले की शोक संपला, असा आपल्याकडे न बोलता चालत आलेला हिशेब आहे.

समस्या

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात बाई नेहमीच्या बसने मंडईकडे निघाल्या होत्या. संचेती चौकाच्या अलीकडे बस वाहतुकीत अडकली. काही कारण नसताना त्यांचे हृदय जोरात धडधडू लागले, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना आणि ‘आता आपले झाले’ अशी खात्रीच वाटू लागली. शेजारच्या मुलीने त्यांना उतरवून रुग्णालयात नेले. ईसीजी आणि रक्ततपासणी निर्दोष निघाली. तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले. हा भीतीचा झटका असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी अमुक डॉक्टरांकडे जावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. पुढच्या महिन्याभरात आणखी दोनदा असेच घडले आणि दोन्ही वेळा अहवाल तसेच आले.

अशा झटक्यात शरीर खरोखरच्या संकटाला देते तोच प्रतिसाद देते. लक्षणे काही मिनिटांत शिगेला पोचतात आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतात. त्यातून मृत्यू ओढवत नाही, पण अनुभव मृत्यूचाच असतो. खरे नुकसान झटक्यापेक्षा त्यानंतरच्या टाळाटाळीने होते. बाईंनी आधी बस सोडली. मुलाने मेट्रो सुचवली, कारण त्याच सप्टेंबरमध्ये ती भुयारातून मंडई आणि स्वारगेटपर्यंत सुरू झाली होती. परंतु जमिनीखाली गाडी थांबली तर काय, या विचारानेच त्यांना घाम फुटे. रिक्षा तर पतींच्या मृत्यूपासूनच नको होती. डिसेंबरात त्यांनी वैद्यकीय रजा टाकली.

नाताळाच्या उपासनेत झटका चर्चमध्येच आला. बाई मधल्या बाकावर, दोन्ही बाजूंनी माणसांच्या मध्ये बसल्या होत्या. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी, रांग उभी राहिली आणि त्यांना उठता येईना, बसवेना. बाहेर पडताना त्यांनी दोघींना जवळजवळ ढकललेच. त्यानंतर त्या रविवारी घरी राहू लागल्या. बसची भीती त्या लोकांना सांगू शकत होत्या, पण देवाच्या घरात वाटलेल्या भीतीबद्दल त्यांनी कित्येक आठवडे कोणाजवळ तोंड उघडले नाही. लाज भीतीपेक्षा मोठी झाली होती.

समोर असलेले पर्याय

जानेवारीत मुलगा स्वतः पाळकसाहेबांकडे आला तेव्हा तीन मते पुढे होती. मुलाचे म्हणणे असे की हा आजार आहे, तो डॉक्टरांकडे जाऊ दे, चर्चला यात ओढू नका. वडिलांच्या वेळी प्रार्थनेने काय झाले ते त्याने पाहिले होते. बाईंच्या नगरच्या बहिणीचे म्हणणे असे की नोकरी सोडून गावी यावे, तिथे ना मेट्रो ना गर्दी. तिसरे मत उपनगरातल्या एका प्रार्थना गटाचे होते, जिथे बाईंची एक मैत्रीण त्यांना नेऊ लागली होती. तिथे याला भीतीचा आत्मा ठरवण्यात आले आणि उपासासह प्रार्थना हाच उपाय सांगण्यात आला.

बहिणीचा सल्ला मायेचा होता, पण तो टाळाटाळीचाच मोठा अवतार होता. गावी गेल्यावर भीतीला आणखी एक खोली मोकळी झाली असती. मुलाचे मत वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होते. पण ज्या बाईच्या दिवसाची सुरुवात आणि शेवट बायबलमधल्या स्तोत्राने होतो, तिला ‘तेवढे बाजूला ठेव आणि बरी हो’ असे सांगणे म्हणजे एक पाय बांधून चालायला सांगण्यासारखे होते. पाळकसाहेबांनी दोन्ही गोष्टी एकत्र चालाव्यात असे सुचवले आणि बाई मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तयार झाल्या. गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी नीट समजावले होते.

पहिला निर्णय उलटला

तिसऱ्या आठवड्यात बाईंना थोडे बरे वाटू लागले. नेमक्या त्याच सुमारास त्या प्रार्थना गटात त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगायला, उभे करण्यात आले. ‘प्रभूने मला मोकळे केले’ असे चार लोकांसमोर म्हटल्यावर पर्समध्ये गोळ्या ठेवणे त्यांना खोटेपणा वाटू लागले, आणि त्यांनी त्या एका दिवसात बंद केल्या. कोणी ‘बंद करा’ असे स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते, हे बाई आजही आवर्जून सांगतात. सांगण्याची गरजच नव्हती. टाळ्या पुरेशा होत्या. अशी औषधे एकाएकी थांबवली की चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होऊ शकतात. बाईंना ते झाले, आणि त्यांनी त्याचा अर्थ ‘विश्वास कमी पडला, म्हणून सैतान परत आला’ असा लावला.

या प्रकरणातील हे सर्वांत धोक्याचे वळण होते. आजार तोच होता, पण आता त्यावर अपराधीपणाचे ओझे चढले होते. त्या रात्री मुलाने 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या मोफत क्रमांकावर फोन केला, सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि तिथून थेट पाळकसाहेबांच्या दारात जाऊन त्यांना चांगलेच सुनावले. पाळकसाहेबांनी स्वतःचा बचाव केला नाही. तो गट त्यांचा नव्हता, हे सांगून ते मोकळे होऊ शकले असते.

तीमथ्याचे पोट

बाईंच्या मनात एक वचन काट्यासारखे रुतले होते: देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, असे बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो. गटात हेच वचन त्यांच्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हटले गेले होते. पाळकसाहेबांनी त्यांच्याशी वाद न घालता त्याच तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र उघडायला सांगितले. त्यात पौल त्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. त्या काळी ते औषधच होते. ज्याला धैर्याचा उपदेश केला त्यालाच पोटाचे औषध सांगितले, आणि दोन्हींत पौलाला काही विसंगती दिसली नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, हेही कलस्सैकरांच्या पत्रात नोंदलेले आहे.

बाई शिक्षिका, त्यांना पुरावा पुस्तकातून लागतो. त्या एका संध्याकाळी गोळ्यांचा प्रश्न मिटला, आणि तो डॉक्टरांच्या समजावण्याने मिटला नसता असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांचे म्हणणे त्यांना पटत होतेच. त्यांना गोळी घेण्याची परवानगी हवी होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या ग्रंथातून यावी लागली.

प्रार्थनेचे काय करायचे

औषधे पुन्हा सुरू झाली आणि डॉक्टरांनी बाईंना समुपदेशनासाठी एका मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. या मानसशास्त्रज्ञ ख्रिस्ती नव्हत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी बाईंना पर्स टेबलावर रिकामी करायला सांगितली. रुमालात गुंडाळलेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. पतींच्या गोळ्यांतली जिभेखाली ठेवायची उरलेली एक पट्टी, तीही मुदत संपलेली. पाण्याच्या दोन बाटल्या. प्रार्थना गटातून आणलेली तेलाची कुपी. बाई दिवसातून अनेक वेळा ऑक्सिमीटर लावून आकडा पाहत. आकडा चांगला आला की दहा मिनिटे शांतता मिळे.

मग मानसशास्त्रज्ञांनी विचारले की प्रार्थना कशी करता. बाई खडकीहून बसमध्ये बसल्या की तेविसावे स्तोत्र म्हणायला लागत. एखादा शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरू करत, आणि शिवाजीनगर येईपर्यंत ते बिनचूक पुरे झाले नाही तर उतरून जात. म्हणजे स्तोत्रही ऑक्सिमीटरच्याच रांगेत जाऊन बसले होते.

मानसशास्त्रज्ञांचा पहिला कल, इतर आधारांप्रमाणे हेही हळूहळू सोडवावे, असा होता. बाई घाबरल्या आणि पुढच्या भेटीला गेल्याच नाहीत. उपचार तुटण्याची ही दुसरी वेळ होती. इथे बाईंच्या लेखी संमतीने मानसशास्त्रज्ञ आणि पाळकसाहेब यांची एक भेट झाली. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला आहे; पाळक झाला म्हणून त्याला ती आपोआप कळू शकत नाही, आणि कळूही नये. भेटीत ठरले ते असे: प्रार्थना सोडायची नाही, पण तिच्यातली मागणी बदलायची. ‘मला काही होऊ देऊ नकोस’ ही प्रार्थना प्रवासात करायची नाही. ती खात्री मागते, आणि खात्री मागत राहिले की शंका दर वेळी नव्याने उगवते.

पाळकसाहेबांनी त्यासाठी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला अग्नीच्या भट्टीचा प्रसंग घेतला. मूर्तीला न नमल्यास भट्टीत टाकू, असे धमकावणाऱ्या राजाला तिघे तरुण म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. बाईंनी हा भाग रविवारच्या शाळेत कितीतरी वेळा शिकवला होता, पण मुलांना सांगताना भर नेहमी सुटकेवर असे. ‘नाही सोडवले तरी’ या वाक्यापाशी त्या प्रथमच थांबल्या, आणि थांबल्यावर रडल्या.

तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. रिक्षात पतींचा हात धरून त्या संपूर्ण रस्ताभर मोठ्याने प्रार्थना करत होत्या. ‘मी मागितले आणि त्याने दिले नाही. आता मी माझ्यासाठी कोणत्या तोंडाने मागू?’ असे त्या म्हणाल्या. दीड वर्षात हे वाक्य त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. भक्कम विश्वासाची बाई असे वाक्य कुठे बोलणार? पाळकसाहेबांनी यावर उत्तर दिले नाही, आणि मला तो त्यांचा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेले आहे. नंतर त्यांनी लाजराची बहीण मार्था काढली, जी येशूला तोंडावर सांगते की आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तिला त्यावरून कोणी अविश्वासू ठरवले नाही.

त्यानंतर काही आठवडे बाईंची प्रार्थना बहुतांशी भांडणाचीच होती. झोप मात्र सुधारली.

प्रत्यक्ष कृती

मानसशास्त्रज्ञांनी आधी शरीराच्या भीतीला हात घातला. बाईंना जिना चढ-उतार करायला लावून हृदय मुद्दाम धडधडू द्यायचे आणि काही न करता बसून राहायचे, म्हणजे धडधड आणि हृदयविकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शरीराला कळते. ऑक्सिमीटर आधी घरी राहिले, मग मुलाच्या कपाटात गेले.

मग प्रवास. पहिले काही दिवस बाई बोपोडीच्या मेट्रो स्थानकावर नुसत्या बाकावर बसून गाड्या पाहत. ते स्थानक उंचावर, मोकळ्या हवेत आहे. रेंज हिल्सच्या पुढे गाडी जमिनीखाली जाते आणि खरी कसोटी तिथून शिवाजीनगरपर्यंतची. महिला मंडळातल्या दोघी सोबत येत. त्यांना एकच सूचना होती: धीर देऊ नका, ‘काही होत नाही’ म्हणू नका, शेजारी बसा. आपल्या बायकांना गप्प बसायला सांगणे हे या प्रकरणातले अवघड काम होते, हे विनोदाने म्हणत नाही. गेथशेमाने बागेत, अटकेपूर्वीच्या रात्री, येशूने शिष्यांकडे स्वतःसाठी जागे राहून सोबत करण्यापलीकडे काही मागितले नव्हते, हा आधार पाळकसाहेबांनी त्यांना दिला आणि तो उपयोगी पडला.

बाई प्रवासात आता एकच ओळ म्हणत, तेविसाव्या स्तोत्रातली ‘तू माझ्याबरोबर आहेस’ या अर्थाची, आणि ती एकदाच. चुकली तर चुकली. पहिल्या भुयारी प्रवासात झटका आला. शिवाजीनगरला उतरायची मुभा असूनही त्या बसून राहिल्या आणि सिव्हिल कोर्ट स्थानकापर्यंत तो ओसरला. मंडईपर्यंत एकट्याने जायला आणखी काही आठवडे लागले.

चर्चमध्ये बाईंनी प्रथम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, मग मध्यवाटेकडेच्या जागेवर बसायचे ठरले. काही वडील मंडळींना हे खटकले, कारण कुटुंबाची जागा ठरलेली असते. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना लांब चालते. बाई तिच्यात दोनदा बाहेर जाऊन परत आल्या. कोणी मागे वळून पाहिले नाही, कारण पाळकसाहेबांनी तसे आधीच सांगून ठेवले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर महिला मंडळाची सहल पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला गेली आणि बाई दौंडच्या लोकलने त्यांच्याबरोबर गेल्या. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती, आणि 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल 1922 मध्ये, त्या स्वतः गेल्या. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. बाईंना हे सगळे आधीपासून पाठ होते. परतीच्या गाडीत त्या मला म्हणाल्या, ‘हिला तरी कुठे काय चुकवता आले?’

परिणाम

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई हजर होत्या. झटके विरळ झाले. आले तर त्या जागेवर थांबतात. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आहे आणि बंद करण्याची घाई कोणालाच नाही. रात्री रिक्षात बसणे अजून जमलेले नाही. प्रभुभोजनाच्या रांगेत त्या आता शेवटी उभ्या राहतात, आणि पूर्वीचा मधला बाक त्यांना नकोच आहे. पतींच्या मृत्यूविषयीचा प्रश्न सुटलेला नाही. मुलगा चर्चमध्ये येत नाही, पण रविवारी त्यांना गाडीवर सोडतो आणि उपासना संपेपर्यंत बाहेर पाळकसाहेबांच्या मुलाशी क्रिकेटवर बोलत उभा असतो.

काय वेगळे करता आले असते

पहिली संधी तातडीच्या विभागात गेली. निर्दोष अहवालाबरोबर मानसोपचार विभागाची एक चिठ्ठी दिली असती तर दोन महिने वाचले असते.

मंडळीच्या बाजूने पाहता, भेटी वर्षाने थांबायला नको होत्या. पहिला झटका स्मरणसभेनंतर काही महिन्यांत आला, हा योगायोग मानणे मला कठीण जाते. सोबत आटली, आणि तोपर्यंत दाबून ठेवलेले वर आले. शोकातल्या माणसाला ‘तुमचा विश्वास भक्कम आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘त्या रात्री नक्की काय झाले’ असे कोणी विचारले असते, तर रिक्षातली प्रार्थना दीड वर्ष पोटात राहिली नसती. आता वर्ष उलटलेल्या घरांची वेगळी यादी आम्ही ठेवतो आणि भेटीला जाणाऱ्याने हा प्रश्न विचारायचा असतो. काही घरांत तो आवडत नाही. तिथे आम्ही चहा घेऊन येतो.

साक्षीच्या बाबतीत मतभेद शिल्लक आहेत. आजारातून उठलेल्याने लगेच साक्ष देऊ नये, उपचार चालू असतील तर तेही साक्षीत सांगावे, असा प्रस्ताव मी समितीपुढे मांडला. काहींना तो आत्म्याच्या कामात आडकाठी वाटला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. बाईंना ईस्टरला साक्षीसाठी विचारले तेव्हा त्यांनी नकार दिला. सप्टेंबरात मात्र त्या आपणहून उभ्या राहिल्या, गोळीचे नाव आणि ती किती वाजता घेतात हे सांगितले, आणि खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी दोन घरांतून पाळकसाहेबांना डॉक्टरांचा पत्ता विचारणारे फोन आले.